सांजेचा मेसेज: गेटवेचे डॉक्युमेंटेशन तपासतानाच्या नोंदी, जुलै २०२५

७ जुलै, सोमवार

आजपासून नवा मेसेज गेटवे, म्हणजे आमच्या प्रणालीतून एसएमएस पाठवून देणारी सेवा, जोडायचे काम माझ्याकडे. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये आमची संकलन प्रणाली चालते. सभासदाने काट्यावर दूध घातले की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि रक्कम त्याच्या फोनवर मराठीत गेली पाहिजे, सकाळी एकदा आणि सांजेला एकदा. जुन्या गेटवेचा करार संपतोय. नव्याकडून एक पीडीएफ आली आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर एपीआयची, म्हणजे ही सेवा कोडमधून कशी वापरायची याची, पाने आहेत.

गेल्या वेळी आम्ही डॉक्युमेंटेशन वाचून थेट कोड लिहायला बसलो होतो. पुढे जे जे अडले ते सभासदांच्या तोंडून कळले. या वेळी आधी कागद तपासायचा असे सरांशी बोलून ठरवले. वहीत तीन रकाने आखले: कागदात काय लिहिले आहे, करून पाहिल्यावर काय झाले, आणि कागदात काय लिहिलेलेच नाही. पहिल्या दोन रकान्यांत तफावत दिसली की चूक लगेच सापडते. तिसरा रकाना अवघड आहे. जे लिहिलेले नाही ते वाचून कसे सापडणार? त्यासाठी आपला खराखुरा डेटा घेऊन एकेक प्रश्न विचारावा लागतो.

दिवसभर फक्त वाचले. एक गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते: पीडीएफमधला एकूण एक नमुना मेसेज इंग्रजी आहे. ओटीपी, ऑर्डर, अपॉइंटमेंट. देवनागरीतला एकही नाही.

८ जुलै, मंगळवार

टोकन, म्हणजे गेटवे वापरायची गुप्त किल्ली, मिळाले. पहिली रिक्वेस्ट पान ६ वरच्या नमुन्यातून जशीच्या तशी उचलली, फक्त नंबर माझा घातला. उत्तर आले: मोबाइल नंबर अवैध.

नंबर बरोबर होता. तासभर गेल्यावर त्यांच्या उत्तरातच परत आलेला नंबर नीट पाहिला. ९१ च्या आधी अधिकचे चिन्ह नव्हते, तिथे मोकळी जागा होती. नमुन्यात नंबर वेब पत्त्याच्या ओळीतच, प्रश्नचिन्हानंतर, अधिक ९१ असा उघडा लिहिला आहे. पत्त्याच्या त्या भागात अधिकचे चिन्ह बहुतेक सर्व्हर मोकळी जागा म्हणून वाचतात. खरे अधिक पाठवायचे तर टक्क्याचे चिन्ह, दोन आणि बी असे लिहून पाठवावे लागते. तसे केले आणि मेसेज आला.

म्हणजे कागदातला पहिलाच नमुना चालत नाही. नवीन माणूस तोच सगळ्यात आधी चालवून बघतो आणि चूक स्वतःकडे शोधत बसतो. नोंद क्रमांक १.

९ जुलै, बुधवार

आज मराठी मेसेज. संस्थेत जाईल तोच मजकूर घेतला:

सभासद १०४, सकाळ संकलन: ८.५ लि. फॅट ४.१ एसएनएफ ८.६ दर ३५.२० रक्कम २९९.२० रु.

उत्तर आले २००, सक्सेस, एक क्रेडिट, म्हणजे बिलातला एक मेसेज, वजा. फोन वाजला, उघडून पाहिला तर आकड्यांसकट सगळी प्रश्नचिन्हे. आपले आकडेही देवनागरी, त्यामुळे ८.५ मधले फक्त टिंब शाबूत होते.

पान ३१ वरच्या तक्त्यात टाइप नावाचा एक पॅरामीटर, म्हणजे रिक्वेस्टसोबत द्यायची एक निवड, आहे, ऐच्छिक, मूल्य टेक्स्ट (साधी इंग्रजी अक्षरे) किंवा युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरे). दिला नाही तर काय धरले जाते ते लिहिलेले नाही. टेक्स्ट धरून देवनागरी आली तर काय होते तेही नाही. काय होते ते मी फोनवर पाहिले: मजकुराचा चुराडा होतो आणि उत्तर मात्र सक्सेस येते. नोंद २ आणि ३. माझ्या मते ३ सर्वांत गंभीर आहे. चूक झाली हे आपल्या प्रणालीला कळायला मार्गच नाही, कळणार ते गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला.

युनिकोड घातल्यावर मजकूर नीट आला, पण क्रेडिट दोन गेले. पान ४ वर लिहिले आहे, एक क्रेडिट म्हणजे १६० कॅरेक्टर. माझा मेसेज ७५ चा.

हे १६० कुठून येतात ते टीममधल्या नव्या मुलांना फळ्यावर समजावले, इथेही लिहिते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजीच्या ठरावीक संचातले एक चिन्ह सात बिटांत बसते, म्हणून १६०. देवनागरीच्या एका चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७०. मेसेज लांबून तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात जोडणीच्या माहितीला सहा बाइट जातात आणि उरतात १३४. मग इंग्रजीचे १५३ आणि मराठीचे ६७. ही मोजणी जगभर एकच आहे, या गेटवेचा तो दोष नाही. पण ७० हा आकडा त्यांच्या अख्ख्या कागदात कुठेच नाही, आणि मराठीत मेसेज पाठवणाऱ्याचे बिल त्याच आकड्यावर ठरते. चारशे सभासदांची एक संस्था धरली तर दोन वेळचे आठशे मेसेज होतात, बिल मात्र सोळाशेचे येणार.

कॅरेक्टर म्हणजे नेमके काय, हेही लिहायला हवे होते. आपल्याला शाळेत शिकवलेले अक्षर आणि यंत्र मोजते ते चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी. स्त्री हे आपल्यासाठी एक अक्षर. मोजणीत ते सहा: स, हलन्ताचे चिन्ह, त, पुन्हा हलन्त, र, दीर्घ ईकार. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळे वेगवेगळे मोजले जातात. आम्ही कोड लिहितो त्या जावास्क्रिप्ट भाषेतली लेंग्थ, म्हणजे मजकुराची लांबी, हीही इथे सहाच येते, त्यामुळे आपल्या बाजूला तीच मोजणी वापरता येईल.

१० जुलै, गुरुवार

मेसेज ७० च्या आत बसवायचा. संकलन हा शब्द आणि त्यामागची मोकळी जागा काढली, ६९ झाले. खूश होऊन सांजेचा मजकूर घातला तर ७४. सकाळ चार चिन्हांची, संध्याकाळ नऊ चिन्हांची. सायंकाळ केले तरी ७२.

दुपारी पंचगंगेकाठच्या एका संस्थेत वजनकाट्याच्या कामाला जायचेच होते. तिथल्या सचिवांना, अण्णांना, दोन्ही मजकूर दाखवले. त्यांनी चष्मा वर करून वाचले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडं संध्याकाळ कोण म्हणतंय? सांजचं दूध म्हणत्यात. सांज लिवा की.”

सांज: स, काना, अनुस्वार, ज. चार. सकाळइतकेच.

पुढे त्यांनीच विचारले की रक्कम लिहिल्यावर रु. कशाला. तेही काढले. आता मजकूर ६५ चा आहे. लिटर दोन आकडी, रक्कम चार आकडी आणि सभासद क्रमांकही चार आकडी झाला तरी ६८ वर थांबतो. हे डोके दिवसभर स्क्रीनसमोर बसून चालले नसते.

येताना एक जुनी गोष्ट आठवली. मागच्या वर्षी आमच्या इंग्रजी मेसेजांचेही बिल अचानक वाढले होते. कोणीतरी आर एस खोडून त्या जागी रुपयाचे चिन्ह घातले होते. हे चिन्ह २०१० मध्ये आले आणि एसएमएसच्या सात बिटांच्या संचात ते नाही. एक चिन्ह घातले की अख्खा मेसेज सोळा बिटांवर जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. नव्या कागदातही याचा उल्लेख नाही. नोंद ६.

११ जुलै, शुक्रवार

एरर कोड. पीडीएफच्या तक्त्यात आणि वेबसाइटच्या तक्त्यात फरक आहे. दोन दिवसांत आम्हाला जे कोड प्रत्यक्ष आले त्यांतले तीन दोन्हीकडे नाहीत. नोंद ७, ८. जास्त रिक्वेस्ट गेल्यावर ४२९ येतो, तो बरोबर आहे. किती वेळ थांबायचे ते हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबतच्या माहितीत, येते, कागदात मात्र नाही. लिहून टाकले, पुढे.

१४ जुलै, सोमवार

आजचा दिवस एका आकड्यात गेला.

भारतात व्यावसायिक मेसेज पाठवायचा तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्या संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची, म्हणजे टेम्प्लेटची, आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदणी करावी लागते. प्रत्येक टेम्प्लेटला १९ आकडी क्रमांक मिळतो. मेसेजसोबत तो पाठवला आणि मजकूर साच्याशी जुळला तरच मेसेज पुढे जातो.

आमचा टेम्प्लेट मंजूर झालेला. क्रमांक पोर्टलवरून कॉपी केलेला. तरी उत्तर: टेम्प्लेट अवैध. टीममधल्या मुलाने क्रमांक तीनदा ताडून पाहिला. पोर्टलवर तोच, आमच्या कोडमध्येही तोच. शेवटी मी त्याला म्हटले, कोड बघू नकोस, प्रत्यक्ष बाहेर काय गेले ते बघ. लॉग, म्हणजे बाहेर गेलेल्या मजकुराची आपोआप होणारी नोंद, उघडला आणि आकड्यावर बोट ठेवून दोघांनी मोठ्याने वाचला. शेवटचे दोन अंक शून्य-शून्य. आमच्या क्रमांकात ते तसे नाहीत.

कागदाच्या नमुन्यात हा क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय, उघडा आकडा म्हणून दिला आहे. प्रकाराच्या रकान्यातही नंबर असे लिहिले आहे. आमचा सर्व्हर नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये. तिथला साधा नंबर पूर्णांक म्हणून दोनच्या ५३ व्या घातापर्यंतच नेमका राहतो, ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. ही संख्या १६ आकडी. १९ आकडी क्रमांक दिला की तो जवळच्या मांडता येणाऱ्या संख्येवर सरकतो आणि छापताना शेवटी शून्ये दिसतात. कुठेही इशारा मिळत नाही.

ही अडचण नवी नाही. ट्विटरचे पोस्ट क्रमांक या मर्यादेपलीकडे जाणार हे दिसल्यावर २०१० मध्ये त्यांनी तोच क्रमांक मजकुराच्या रूपातही द्यायला सुरुवात केली होती. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो आकडा नसून नाव आहे. टेम्प्लेट क्रमांक, सभासद क्रमांक, बँक खाते, सगळे यात आले. गेटवे अवतरणचिन्हांतला क्रमांकही स्वीकारतो, करून पाहिले. कागदात एक शब्द बदलला तर पुढच्या माणसाचा दिवस वाचेल. नोंद ९.

१५ जुलै, मंगळवार

दुसरा टेम्प्लेट, सूचनेचा. सुरुवात: शेतकऱ्यांना कळविण्यात येते की. माझ्या मशीनवरून गेला, संस्थेच्या संगणकावरून गेला नाही. टेम्प्लेट जुळत नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले, अक्षर न् अक्षर सारखे. छापून काढले, तरी सारखे.

मग मजकुराचे युनिकोड क्रमांक छापले. माझा शेतकऱ्यांना हा शब्द ११ चिन्हांचा, त्यांचा १२. फरक नेमका ऱ्य मध्ये. मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ०९३१ या क्रमांकाचा र आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे २००डी हे न दिसणारे जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड काय उमटवतो हे टाइप करणाऱ्याला कळत नाही, कळायची गरजही नसते. युनिकोडचे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करायची पद्धत, लावले तरी हे दोन एक होत नाहीत, ते मी तपासले.

हा शब्द आम्ही टाळू शकत नाही. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, पुढाऱ्यांनी, वाऱ्यावर, मराठीत पावलोपावली ऱ्य येतो. मेसेज बाहेर जाण्याआधी दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करणारी चार ओळींची फंक्शन लिहिली आणि त्यावर चाचणी लावली.

हा गेटवेच्या कागदातला दोष आहे का? यावर सरांशी बराच वेळ बोलणे झाले. सर म्हणाले, हे त्यांना कसे माहीत असणार. माझे म्हणणे, मजकूर साच्याशी चिन्हानुसार जुळवला जातो, दिसण्यानुसार नाही, इतके एक वाक्य तरी हवे. ऱ चा शोध आम्ही लावू, पण कुठे शोधायचे ते त्या वाक्यातून कळले असते. नोंद १० म्हणून घातली, चूक नव्हे तर उणीव म्हणून.

याच ओघात नोंद ११. साच्यातल्या प्रत्येक बदलत्या जागेला सध्या, जुलै २०२५ मध्ये, ३० चिन्हांची मर्यादा आहे. गेटवेच्या कागदात ती नाही. ‘सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित’ एवढ्यालाच ३४ होतात, गावाचे नाव तर अजून आलेच नाही. संस्थेचे नाव बदलत्या जागेत टाकायचा विचार सोडला.

१७ जुलै, गुरुवार

गेटवेच्या सपोर्टला फोन. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण प्रत्येक मुद्द्याला “मॅडम, डॉक्युमेंटमध्ये आहे की” म्हणत होता. टाइप पॅरामीटर आहे, खरेच आहे. नसल्यास काय होते हे कुठे आहे विचारल्यावर तो थांबला, पाने चाळल्याचा आवाज आला, आणि त्याने सरळ सांगितले की नाही दिसत. त्याने मला डॉक्युमेंटेशन पाहणाऱ्या मॅडमशी जोडून दिले.

त्यांच्याशी पाऊण तास बोलले आणि बरेच उलगडले. पॅरामीटरचे तक्ते कोडमधून आपोआप तयार होतात. नमुने मात्र हाताने लिहिलेले, ते कधी चालवून पाहिले जात नाहीत. एरर कोडची पीडीएफ वेगळ्याच फाइलमधून निघते. त्या म्हणाल्या, “लोक फोन करतात, त्यांचं काम झालं की फोन ठेवतात. काय चुकलं ते माझ्यापर्यंत येतच नाही.” हे ऐकून वाईट वाटले. मागच्या गेटवेच्या वेळी मीही हेच केले होते.

त्यांनी एक मागणी केली: प्रत्येक मुद्द्यासोबत पाठवलेली रिक्वेस्ट आणि आलेले उत्तर जसेच्या तसे, वेळेसकट. देते म्हटले. आता प्रत्येकातून टोकन आणि मोबाइल नंबर पुसायचे काम आहे. ते हाताने न करता स्क्रिप्टने करेन, कारण एक जरी राहिला तरी तो कोणाचा तरी खरा नंबर आहे.

१८ जुलै, शुक्रवार

डिलिव्हरी रिपोर्ट. मेसेज सकाळी ८:५२ ला गेला, रिपोर्टमध्ये वेळ ०३:२२. साडेपाच तासांचा फरक, म्हणजे वेळ यूटीसीमध्ये, जागतिक प्रमाणवेळेत, आहे. रिपोर्टमध्ये तसे दाखवणारे काही नाही, कागदातही नाही. इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याचे आरएफसी ३३३९ हे मानक २००२ पासून आहे, त्यात वेळेपुढे झेड (म्हणजे यूटीसी) किंवा यूटीसीपासूनचा फरक लिहावाच लागतो. इथे वेळ उघडी आहे.

नुसता फरक असता तर जमवून घेतले असते. पण आमच्या काही संस्थांचा काटा पहाटे पाचला सुरू होतो. ५:१५ ला गेलेला मेसेज रिपोर्टमध्ये आदल्या दिवशीचा, २३:४५ चा दिसतो. दहा दिवसांच्या बिलात पहिल्या दिवशी पहाटे घातलेले दूध मागच्या बिलाच्या दिवसाला चिकटले तर मेसेजचा हिशेब आणि बिलाचा हिशेब कधीच जुळणार नाही, आणि सभासद संस्थेवर संशय घेईल. नोंद १२.

तेच रिपोर्ट कधी कधी दोनदा येतात. दोनदा येऊ शकतात हे लिहिलेले नाही. नोंद १३. आमच्या बाजूने मेसेजचा क्रमांक पाहून दुसरा सोडून देतो.

२१ जुलै, सोमवार

तेरा नोंदी पाठवल्या. चुका वेगळ्या, उणिवा वेगळ्या. प्रत्येक नोंदीत पान क्रमांक, तिथले वाक्य, आमची रिक्वेस्ट, आलेले उत्तर आणि सुचवलेले नवे वाक्य. शेवटचा भाग लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला, पण वाक्य तयार मिळाले तर समोरच्याला ते घालणे सोपे जाते.

संध्याकाळी आमचे स्वतःचे कागद काढले, फॅट मशीनवाल्यांना आम्ही देतो ते. त्यात वेळ कोणत्या प्रमाणातली ते नाही. सभासद क्रमांकाचा प्रकार नंबर. एका संस्थेत क्रमांक ००७ असे शून्याने सुरू होतात, ती शून्ये कुठे जात होती ते आज कळले. दोन्ही दुरुस्त केले आणि मशीनवाल्या दोघांना फोन करून सांगितले.

२४ जुलै, गुरुवार

उत्तर आले. तेरापैकी आठ स्वीकारल्या, पाच पाने वेबसाइटवर बदललीसुद्धा. अधिकच्या चिन्हाचा नमुना आता चालतो, मी कॉपी करून चालवला. टेम्प्लेट क्रमांकाचा प्रकार आता स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. क्रेडिटच्या पानावर ७० आणि ६७ आले.

नोंद ३ त्यांच्या कोडमधली आहे, कागदातली नाही, म्हणून ती दुसऱ्या टीमकडे गेली. तोपर्यंत पानावर ठळक सूचना घालतो म्हणाल्या. मला हे पुरेसे वाटत नाही आणि तसे कळवले आहे. सूचना वाचणारा वाचेल, न वाचणाऱ्याचा मेसेज प्रश्नचिन्हांचाच जाईल. आमच्या बाजूला देवनागरी दिसली की टाइप आपोआप युनिकोड होतो, आणि तरीही टेक्स्ट राहिला तर मेसेज बाहेरच पडत नाही.

नमुन्यांत एक मराठी मेसेज घालायचा आहे, तुमचाच वापरू का, असे त्यांनी विचारले. सभासद क्रमांक बदलून पाठवला. सांजेचा पाठवला.

२८ जुलै, सोमवार

पंचगंगेकाठच्या संस्थेत आज सकाळपासून नवा गेटवे सुरू. पाऊस होता, तरी काट्यावर पाचपासून रांग. ५:१५ च्या मेसेजचा रिपोर्ट आमच्याकडे आजच्याच तारखेला नोंदला गेला. सकाळचे सगळे मेसेज एका क्रेडिटात गेले.

सांजेला अण्णांचा फोन. एका आजींचा मेसेज आला नाही. लॉगमध्ये रिपोर्ट पोचला असा आहे. त्यांचा फोन साधा बटणांचा आणि जुना, त्यावर देवनागरी उमटत नसावी. उद्या अण्णा तो फोन हातात घेऊन पाहणार आहेत. तसे निघाले तर त्यांच्यापुरता इंग्रजी आकड्यांचा मेसेज ठेवावा लागेल, आणि सभासदाच्या नोंदीत मेसेजची भाषा हा रकाना वाढवावा लागेल. आमच्या कागदातही.